जानू तांडेलांचा पणजोबा

जानू तांडेल माझ्या माहितीत एकदाच ठरवून खोटं बोलले, आणि त्याआधी आंघोळ करून देवीपुढे नारळ फोडून आले.

साठ सालानंतरची गोष्ट. भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात मी शाळामास्तर होतो. समुद्रात जाळी बांधायचा कुठला खुंट कोणाचा, हे तिथे कागदावर नव्हतं. दर हंगामाआधी तांडेलांच्या घरातला थोरला पुरुष देवळापुढे उभा राहून म्हणे : खुंट कोणी रोवला, कोणाकडून कोणाकडे आला. त्यात मध्ये बोलणं अशुभ. त्यामुळे जानूंचा थोरला भाऊ म्हातारपणी सुरुवातच चुकवायला लागला, तरी माणसं भक्तिभावाने ऐकत राहिली. चूकच सर्वांना पाठ झाली.

भाऊ वारला आणि गावातलाच एक कोळी, दामोदर, उठला. "धर्मानं दोनी खुंट माजे आज्याला दिलं. मंग गंगूबाईचा खुंट बी माजाच हाय!"

धर्मा म्हणजे जानूंचा पणजोबा. विधवा गंगूबाईचं घर त्या एका खुंटावर चालायचं. खरं काय होतं, ते कोणालाच आठवेना.

जानू मला म्हणाले, "मास्तर, झाड बरा हाय, मुळी कुजलीय. नवी लावतो."

हंगामाआधी ते देवळापुढे उभे राहिले. "धर्मानं दोन खुंट रोवलं. एक दामोदरचे आज्याला दिला. दुसरा ताडीच्या पैजेत गंगूबाईचे आजेसासऱ्याला हरला."

दामोदरने हक्क सोडला. स्वतःच्या पूर्वजाला फुकट बेवडा कोण ठरवील? म्हणजे खरंच असणार!

परतताना मी विचारलं, तर म्हणाले, "ताडीला कंदी शिवला न्हाय तो. पन तो मेलाय. गंगू जिती हाय."

गावाने धर्माची ताडी मात्र मनावर घेतली. तांडेलांना लोक 'ताडीवाले' म्हणू लागले. जानूंच्या मुलीचं जमलेलं लग्न त्यावरून फिसकटलं. जानूंचा मुलगा लक्ष्मण चिडला, "बाबा, आतातरी खरा सांगा!"

"सांगतो. मंग गंगूचे खुंटाला आधार कंचा?"

लक्ष्मण पाय आपटत निघून गेला. मला जानूंचा अभिमान वाटे, आणि त्या पोरीकडे पाहिलं की रागही येई.

आणीबाणीच्या आधी जानू गेले. पुढच्या हंगामात म्हणायला लक्ष्मण उभा राहिला. खांबाआडून गंगूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "दुसरा ताडीच्या पैजेत गंगूबाईचे आजेसासऱ्याला हरला," एवढं म्हणून तो थांबला. मग बापाने कधी न म्हटलेली एक ओळ त्याने खड्या आवाजात जोडली, "आनि त्या दिसापासून धर्मानं ताडी सोरली," आणि पुढचा खुंट म्हणायला घेतला.