थंड बॉयलरचा भोंगा

अरे पोरांनो, जवळ सरका जरा. भुताखेताचं वाचायचं असलं की मोबाईल हातातून सुटत नाही, आणि म्हातारीला एक फोन करवत नाही होय रे? असो. मी असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत, आजही मानत नाही. पण हे घडलं... भर दुपारी, परळला, आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेमागे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी सातवीत. शाळेत वश्याची टोळी होती — चळवळीचं नाव सांगून पोरांचे डबे हिसकायची, नाही म्हणेल त्याला बुकलायची. मास्तरसुद्धा मान खाली घालून जायचे. मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी वश्यालाच बोलावून माझं नाव सांगितलं!

हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद, शाळा अर्धी रिकामी. पाण्याच्या टाकीमागे चौघांनी मला गाठलं. वश्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली, दुसऱ्या हातात ब्लेड.

"काय गं चोमडे, लई जीभ चालते? आज वेणी, उद्या नाक."

"माझे बाबा तुला सोडणार नाहीत."

"तुझा बाप मोर्च्यात बोंबलतोय! मार हाक, येतो का बघू."

सगळे फिदीफिदी हसले.

ब्लेड मानेला लागलं... आणि भोंगा झाला. आमच्याच गिरणीचा — घोगरा, शेवटी चिरकणारा. पाळी सुटली की त्या सगळ्यांचे बाप शाळेमागच्या फाटकातून बाहेर पडायचे, आणि ही पोरं जगात फक्त बापाच्या पट्ट्याला भ्यायची. भोंगा झाला की पांगायचं, ही रोजची सवय. तशीच पळाली. आज गिरणी बंद आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासुद्धा!

बाबा गिरणीत बॉयलरवर होते. मोर्च्यातून मध्येच गिरणीत जाऊन त्यांनीच वाजवला असेल, असं वाटून ते घरी आल्यावर म्हटलं, "बरा वाजवलात भोंगा." बाबा म्हणाले,

"गो चेडवा, बॉयलर थंड पडलो हा. वाफेशिवाय भोंगो वाजतलो कसो?"

आमची चाळ शाळेला लागून. आई दिवसभर घरात... तिने काही ऐकलं नव्हतं. चाळीतल्या दुसऱ्या कुणीही नाही.

मानेवरची जखम बघून बाबांनी माझी शाळाच बंद केली. वश्या मात्र मजेत शिकला. मी पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर केलं. तो राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

भास म्हणावा, तर ते चौघे पळाले कशाला?

वश्या, जिवंत असशील आणि हे वाचत असशील, तर त्याच चाळीत ये. तो भोंगा ऐकलेली माणसं दुसरी आणायची कुठून? चहा करीन. लवकर ये — ब्लेड मात्र घरी ठेवून.