मोटरीच्या दुकानातला बोलणारा प्रोग्राम

पदवीच्या शेवटच्या वर्षी संगणकशास्त्राच्या प्रकल्पासाठी वर्गातल्या बहुतेकांनी पगारपत्रक निवडले, नाहीतर ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव. मी नगरच्या बाजारातल्या, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी विकणाऱ्या एका दुकानासाठी गिऱ्हाइकाशी बोलणारा प्रोग्राम लिहायला घेतला. आज अशा प्रोग्रामला चॅटबॉट म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या विभागात त्याला खूळ म्हणत.

मूळ कल्पना माझी नव्हती. परदेशात कितीतरी आधी असा एक प्रोग्राम लिहिला गेला होता. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न विचारी आणि माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करीत. मला कोणाचे मन मोकळे करायचे नव्हते. विहिरीवर मोटर बसवू पाहणारा प्रत्येक जण दुकानात तेच प्रश्न विचारी आणि दुकानदार तीच उत्तरे देऊन वैतागे. जिथे उत्तर ठरलेले असते तिथे यंत्र बसवता येते, एवढाच माझा युक्तिवाद होता.

मार्गदर्शक प्राध्यापकांना तो मान्य नव्हता, आणि त्यांच्या सहीशिवाय प्रकल्प परीक्षेला जात नसे. सही नाही म्हणजे वर्ष गेले. प्रोग्राम पाहायला ते स्वतः दुकानात आले, तेव्हा पाथर्डीकडचे एक शेतकरी मोटर घ्यायला आलेले होते. गिऱ्हाईक बोलेल ते एक शब्दही न बदलता रोमन अक्षरांत टाइप करायचे आणि पडद्यावरचे उत्तर मोठ्याने वाचायचे, असा मी नियम ठरवला होता.

"विहीर किती खोल आहे?" मी वाचले.

"आठ परस."

परस म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. आमच्याकडे विहीर अशीच मोजतात. प्रोग्रामने मात्र आठ हा आकडा उचलला, शेजारचा शब्द टाकून दिला, विहीर आठ फूट धरली आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सुचवली.

"आठ फुटावर पानी आसतं तर मोटर कशाला लागली आसती, पोरी?" शेतकरी म्हणाले. "म्हशीनंच वाकून पेलं आसतं."

"न्या की, काका," दुकानदाराने भर घातली. "विहिरीला न्हाई तर कूलरला लावा."

सगळे हसले. सर हसले नाहीत.

"पाहिलंस? यंत्र हिशोब करतं, बोलत नाही. सोमवारी पगारपत्रकाचा आराखडा घेऊन ये, नाहीतर सही विसर."

"सर, त्याला परस कळला नाही, हे मान्य. पण कळलं नसतानाही त्यानं उत्तर दिलं, चूक तिथे आहे. ती मी काढीन."

"आणि उद्या कोणी तिसरंच काही बोललं तर?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मी प्रोग्रामला परस शिकवला नाही. एका परसाचे इतके फूट असे कोष्टक घालणे सोपे होते. पण माणसागणिक उंची बदलते, आणि बोलण्यातले सगळे शब्द कोणत्याही कोष्टकात मावत नाहीत. मी एकच नियम घातला: आकड्याशेजारी अनोळखी शब्द दिसला, की सल्ला थांबवायचा आणि उलट विचारायचे.

सोमवारी मी जुन्याच शीर्षकाचा प्रकल्प सरांच्या टेबलावर ठेवला.

"शीर्षक बदललं नाहीस?"

"नाही, सर."

ते प्रयोगशाळेतल्या संगणकापुढे जाऊन बसले. परस मी दुरुस्त केला असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांनी टाइप केले: वीस हात.

पडद्यावर प्रश्न उमटला: हात म्हणजे किती फूट?

त्यांनी लिहिले: माहीत नाही.

उत्तर आले: मग मी मोटर सांगू शकत नाही. दुकानातल्या माणसाशी बोला.

"हे तर हरलं," सर म्हणाले.

"त्यानं चुकीची मोटर विकली नाही, सर. गल्ल्यावर बसवलेल्या माणसाकडून दुकानदाराची हीच अपेक्षा असते. उद्या बँकेत, वीजबिलाच्या खिडकीवर, एसटीच्या चौकशीला गिऱ्हाइकाशी पहिलं बोलणं यंत्रच करील. कुठे थांबायचं हे ज्या यंत्राला कळेल, तेच धंद्यात टिकेल."

"आपल्या नगरात? इथे एक फोन लागायची मारामार, आणि यंत्र बोलणार म्हणे!"

"फोन लागायला लागतील, सर."

त्यांनी पेन उघडून सही केली आणि तिच्यावर शेरा लिहिला: काम प्रामाणिक, व्यवसायात उपयोग शंकास्पद.

मी शेरा वाचला आणि प्रकल्प पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"आता काय राहिलं?"

"तारीख, सर. शेऱ्याला तारीख हवी. उपयोग कधी शंकास्पद वाटत होता, ते पुढे कळायला हवं."