धुळ्याला गेलेली कॅसेट

आमच्या तिघींमध्ये जग माझ्याकडे होतं. एकीला गणित येत होतं, एकीच्या वडिलांच्या रावेरला केळीच्या बागा होत्या, आणि माझ्याकडे शॉर्टवेव्ह लागणारा रेडिओ होता. पंच्याऐंशीच्या आसपासचं जळगाव. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतला जगाचा नकाशा फाटलेला होता, त्यात आफ्रिका अर्धीच उरली होती. अशा ठिकाणी मी मैत्रिणींना देशोदेशीच्या गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायचे, आणि त्याबद्दल माझा जो तोरा होता तो मी कधी लपवला नाही.

रेडिओ आबांचा, जुना. टेपरेकॉर्डर मामानं सुरतेहून आणलेला, वेगळा. दोघांना जोडणारी वायर असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. म्हणून रेडिओच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा, खाली जाड गोधडी घालायची, लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचं आणि घरादारानं श्वास रोखायचा. पंखा बंद. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद म्हणजे आबा निमूट उठून ओट्यावर जाऊन बसत. गच्चीवर एरियलची तार होती. स्टेशन विरायला लागलं की कुणीतरी वर जाऊन ती हातात धरायची, मग आवाज परत येई. ते कुणीतरी म्हणजे नेहमी मीच.

गप्प न बसणारं माणूस घरात एकच, ते म्हणजे आई. ती धुळ्याकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिची अहिराणी सुटली नव्हती. तिकडे कुठल्यातरी बाईचा सूर चढत जायचा आणि नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरातून यायचं, "भाकरी कितल्या टाकू वं?" झालं! मी दातओठ खात टेप मागे घ्यायचे आणि आईच्या भाकरीवर दुसरं गाणं भरायचे. तिचा असा किती आवाज मी पुसला असेल त्याला गणती नाही.

निवेदकांचं बोलणं मला ओ की ठो कळत नसे. कोणत्या देशाचं गाणं हे मी अंदाजानं ठरवायचे आणि कॅसेटच्या कागदावर लिहायचे, 'बहुतेक इजिप्त', 'बहुतेक रशिया'. मैत्रिणी माझ्या कॅसेटींना 'बहुतेक'च म्हणायच्या. "नवीन बहुतेक कधी देतेस?" एका गाण्यात मागे ढोल वाजत होता, तो गणितवालीला फार आवडायचा. तो ढोल म्हणजे आई भरताची वांगी ठेचत होती, हे मी तिला अनेक महिने सांगितलं नाही.

या सगळ्यांत खरी श्रोती होती केळीवाली. रावेरची, आई लहानपणीच गेलेली, कॉलेजसाठी जळगावात मामाकडे राहायची. मामी वाईट नव्हती, पण त्या घरात तिला दुसरी पोळी मागावी लागायची. आमच्याकडे मागावी लागत नसे. गाणी ऐकायला म्हणून यायची, गोधडीच्या कडेला पाय दुमडून बसायची आणि डोळे मिटून ऐकायची. तिचे मिटलेले डोळे बघितले की मला वाटायचं, ही माझी आहे. मैत्रीत असं वाटू नये म्हणतात. मला वाटायचं.

आणि मग आमच्या वर्गात जहाजवाली आली.

तिच्या वडिलांची बँकेतून जळगावला बदली झाली होती. भाऊ मालवाहू जहाजावर. ज्या बंदरात जहाज लागेल तिथून तो बहिणीला कॅसेट आणायचा. अस्सल, रंगीत कव्हरच्या, आत देशाचं नाव छापलेलं. बहुतेक वगैरे काही नाही. शिवाय तिच्याकडे डबल डेक होता, म्हणजे एका खणातली कॅसेट दुसऱ्या खणातल्या कॅसेटवर उतरवायची, पंखा चालू ठेवून! खरखर नाही, शिट्टी नाही, भाकरी नाहीत. पहिल्यांदा तिच्या घरी गाणं ऐकलं तेव्हा गणितवाली म्हणाली, "अगं, हे किती स्वच्छ आहे!" आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आगाऊ असती तर बरं झालं असतं. शिष्ट असती तर आणखी बरं. पण बाई स्वभावानं इतकी चांगली की तिचा राग करायलाही जागा ठेवायची नाही. मागितलं की द्यायची, न मागता द्यायची, मलाही द्यायची. मी तिची कॅसेट घरी आणायचे, दार लावून ऐकायचे आणि परत देताना म्हणायचे, "ठीक आहे." आई विचारायची, "काय झायं वं, पोटमा दुखस का?" दुखतच होतं. औषध नव्हतं एवढंच.

केळीवालीही तिच्याकडे जायला लागली. आधी शनिवारी, मग मधल्या वारीही. एकदा ती जहाजवालीकडचं एक गाणं गुणगुणत आमच्या ओट्याची पायरी चढली आणि मी दारातच तिला म्हटलं, "आज रेडिओ बिघडलाय." आईनं आतून ओरडून सांगितलं की काही बिघडलेला नाही, सकाळीच बाजारभाव ऐकले. केळीवाली हसली. मला हसू आलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, कापसाचं घर. कॉलेज सुटणार होतं. काय द्यायचं तिला? गणितवालीनं हिशेबी तोडगा काढला, एकच मोठी कॅसेट, जगभरातल्या गाण्यांची. एक बाजू माझी, दुसरी जहाजवालीची. "सासरी जग घेऊन जाईल," असं ती म्हणाली. सगळ्यांना पटलं. मला एकच गोष्ट पडली होती, धुळ्यात ती कुठली बाजू लावणार? दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

मी जीव तोडून भरली ती बाजू. थंडी होती म्हणून पंख्याचा प्रश्न नव्हता. शेवटच्या गाण्याला जागा उरली होती आणि ते मिळालं रावेरला जायच्या आदल्या संध्याकाळी केळीवाली निरोप घ्यायला आली तेव्हा. कुठल्यातरी देशातली एक बाई एकटी गात होती, मागे एखादंच तंतुवाद्य. जात्यावर बसलेल्या बाईसारखी, घाई नाही. असं गाणं मला आजवर सापडलं नव्हतं. मी लाल बटण दाबलं आणि तेवढ्यात केळीवाली दारात आली. आई वांग्यांचं भांडं घेऊन ठेचत ठेचतच बाहेर आली आणि भर गाण्यात म्हणाली, "उनी का वं माय!" म्हणजे, आलीस का गं बाई.

मी डोळे वटारले. ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात स्टेशन विरायला लागलं, म्हणून मी धावत गच्चीवर गेले आणि तार हातात धरून उभी राहिले. थंडगार तार. खाली माझं गाणं चाललं होतं, वर मी दात वाजवत रागानं धुमसत होते. एवढं करून खाली आले तर गाणं संपलेलं, आणि त्या दोघी पाटावर बसून भरीत-पुरी खात होत्या. मी टेप मागे घेऊन लावली. "उनी का वं माय" ऐकू आलं आणि तिथेच खटकन बंद केली. पुढे ऐकायची गरजच नव्हती. वाटोळं झालं होतं. ते गाणं नंतरच्या दोन-तीन संध्याकाळी शोधलं, परत लागलं नाही.

तशीच कॅसेट जहाजवालीला दिली, तिच्या बाजूचं भरायला. दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "शेवटच्या गाण्यात मागे कुणीतरी बोलतंय गं. हेच गाणं भावाच्या एका कॅसेटमध्ये आहे, स्वच्छ. तिथे बसवून देऊ? कळणारही नाही."

माझं गाणं तिच्याकडे होतंच. एवढी तार धरून मिळवलेलं ते एकुलतं एक, तेही तिच्याकडे आधीपासून होतं, कव्हरसकट. मी म्हटलं, "काही नको. माझी बाजू जशी आहे तशी राहू दे." ती म्हणाली, "पण बिघडलंय." मी म्हटलं, "बिघडू दे." रावेरला लग्नात ती कॅसेट आम्ही दिली. केळीवाली गेली धुळ्याला, जहाजवालीच्या वडिलांची पुढे बदली झाली, आणि माझ्या जळण्याला काही दिवस कामच उरलं नाही.

माझं लग्न जळगावातच झालं. माहेर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आईचा आवाज ही काही जपून ठेवायची गोष्ट आहे असं कधी वाटलं नाही. ती रोजच बोलत होती. दहा-अकरा वर्षांनी आई गेली. दहाव्याला केळीवाली धुळ्याहून आली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. तेही मला खटकलं. आई माझी मेली होती.

नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की आईचे फोटो आहेत, लुगडी आहेत, आवाज कुठेच नाही. माळ्यावरून सगळ्या जुन्या कॅसेटी काढल्या आणि ऐकल्या. एकीत तरी चुकून राहिली असेल. भाकरी विचारताना, दूध उतू जाताना, काहीही. नव्हती. मी फार चोख काम केलं होतं. जिथे जिथे ती बोलली होती तिथे तिथे कुणी ना कुणी परदेशी बाई गात होती. धुळ्याची कॅसेट माझ्या डोक्यातही आली नाही. त्या संध्याकाळचा मला राग तेवढा आठवत होता.

पुढच्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नाला धुळ्याला गेले आणि केळीवालीकडे उतरले. भरल्या घरातली कर्ती बाई झाली होती ती. दोन मुलं, म्हातारे सासरे, दारात कापसाची गाडी. टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात फळीवर होता आणि शेजारी आमची कॅसेट. मी चहाच्याही आधी ती उचलून पाहिली. जहाजवालीच्या बाजूची शाई जशीच्या तशी होती. माझ्या बाजूचा कागद बोटं लागून लागून गुळगुळीत झालेला, 'बहुतेक' पार पुसलं गेलेलं. मला इतका आनंद झाला की मी निर्लज्जासारखं विचारलंच, "माझीच बाजू लावतेस ना?"

"तुझीच," ती म्हणाली. "तिची गाणी चांगली आहेत. पण मी तुझीच लावते."

जिंकले! एवढ्या वर्षांनी का होईना. तिनं कॅसेट आत घातली आणि टेप पुढे पळवली. मी म्हणणार होते की पहिल्यापासून ऐकू, पण तिचा हात सरावाचा होता, बरोबर थांबला. ती एकटी बाई गायला लागली. मागे धप् धप् वांगी ठेचली जात होती. आणि आई म्हणाली, "उनी का वं माय!"

मी फळीला धरलं.

"बस. भरीत करेल शे, जेवीसन जाय," आई म्हणाली. माझे जिन्यावर धावत जाणारे पाय ऐकू आले. "तिनाकडे नको देखू. ती अशीच डोया वटारस." दोघी हसल्या. मग ठेचणं थांबलं आणि आईचा आवाज खाली आला, गाण्याच्याही खाली. "तू चालनी धुयाले. मन्ही पोर एकली पडी जाई वं. तिले बोलता येस नही, नुसती जयत ऱ्हास. तू येत जाय."

मी पाहिलं तर केळीवालीचे ओठ आईबरोबर हलत होते. शब्दाला शब्द, कुठे श्वास घ्यायचा तेही. अहिराणी तिची नव्हे, तरी हेल आईचाच.

"सासरी नवी होते तेव्हा रोज ऐकायचे," ती म्हणाली. "इथे मले जेवून जा म्हणणारं कोण होतं? आता सवय झाली. कणीक मळताना लावते."

मी एकटी पडेन, मला बोलता येत नाही, मी नुसती जळत राहते, हे आईला सगळं ठाऊक होतं. ते तिनं मला कधी सांगितलं नाही. माझ्याबद्दलचं तिचं सगळ्यात मायेचं बोलणं इतकी वर्षं धुळ्यात एका स्वयंपाकघरात वाजत होतं, आणि ते दुसरीला पाठ होतं. जहाजवालीवर मी काय जळले असेन! ते काहीच नव्हतं. आईचा उरलेला आवाज एवढाच, आणि त्यातही ती माझ्याशी बोलत नव्हती.

आणि माझा हेका नसता तर तोही उरला नसता. त्या जागी जहाजवालीचं स्वच्छ गाणं असतं.

केळीवालीनं कॅसेट काढली आणि माझ्या हातात दिली. "ने तू ही. तुझीच आहे." तिचे डोळे मात्र कॅसेटवरच होते. मला घ्यायची होती. जिवापासून घ्यायची होती.

"राहू दे," मी म्हटलं. "मला हिच्यावरून दुसरी उतरवून दे."

"जहाजवालीला पाठवू? तिचा पत्ता आहे माझ्याकडे. तिचा डबल डेक…"

"बाजारात कुठेही काढ," मी म्हटलं. "तिच्याकडे नको."

ती खो खो हसली. अगदी आईबरोबर हसली होती तशी. मग तिनं पाट मांडला, ताट वाढलं आणि जेवून जाय म्हणाली. भरीत थेट आईच्या हातचं झालं होतं. तेसुद्धा मला सोसलं नाही. मी दोनदा मागून घेतलं.