दर्भाचा कावळा

बाबांचा रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून आमच्या घरात खोटं बोलणं सुरू झालं, आणि मी देवीशी बोलणं बंद केलं. अंबादेवीचं देऊळ आमच्या फ्लॅटपासून चालत दहा मिनिटांवर. अमरावतीत एवढी वर्षं शाळेत शिकवते आहे, पण पायरीला हात लावल्याशिवाय कधी शाळेत गेले नव्हते. त्यानंतरचे दोन महिने मी जायचा रस्ताच बदलून टाकला. दादा अकोल्याला वकिली करतो, म्हणून बाबांना तिथेच दाखवलं होतं. स्वादुपिंडात गाठ निघाली, ती पसरलेली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना आत बोलावलं आणि आता त्रास कमी करणं एवढंच हाती आहे, असं स्वच्छ सांगितलं. बाहेर येऊन दादा बाबांना म्हणाला, "कावीळ आहे. पथ्य पाळा, दीड महिन्यात ठणठणीत व्हाल." मी शेजारी उभी होते. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज मला अजून वाटते.

बाबा भिक्षुक. लग्न-मुंजी दुसऱ्यांकडे जायच्या, बाबांच्या वाट्याला दहावा-तेरावा यायचा. चांदूर रेल्वेपासून बडनेऱ्यापर्यंतच्या खेड्यांत कोणाकडे माणूस गेलं की 'महाराजांना बोलवा' म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात बसून मरणाच्या गोष्टी केल्या. तोच माणूस स्वतःच्या घरात मात्र तो शब्द उच्चारू शकत नव्हता. "समजा, उद्या मी..." एवढं ते म्हणाले की आई उठायची. "शुभ बोला हो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो." भेटायला येणारे त्यांच्या पिवळ्या डोळ्यांकडे पाहून तब्येत सुधारल्याचं सांगायचे. दादा फोनवर मला बजावायचा, "तू काही बोलू नको त्यांच्याजवळ. धसका घेतील." एकदा बाबांनी मलाच विचारलं, "तू तरी मला खरं सांगशील का?" मी म्हटलं, "काय खरं? औषध घ्या आधी." वर्गात पोरांना खरं बोलायचे धडे देणारी मी! बाबांनी गोळी गिळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. एका शनिवारी सकाळी आईने ओटीचं ताट माझ्या हाती दिलं आणि देवीला घालून ये म्हणाली. आईचा शब्द मोडवेना म्हणून गेले. पण गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात सणक गेली. मी हात जोडले नाहीत. मनात म्हटलं, ऐक. बाबा वाचू देत असं मागायला मी आलेली नाही, ते तू करणार नाहीस हे मला दिसतं आहे. त्यांना बोलायचं आहे आणि आम्ही बोलू देत नाही. माझी जीभ उचलत नाही. तुझ्यानं होत असेल तर कर, नाही तर ही शेवटची ओटी. मागची बाई म्हणाली, "ताई, सरका ना, लाइन थांबून राहिली." मी सरकले. लोक नवस बोलतात, मी धमकी देऊन आले होते.

दुपारी बेल वाजली. दादा अकोल्याहून आलेला होता, त्यानेच दार उघडलं. दारात धोतर-टोपीतला एक म्हातारा उभा, हातात पिशवी. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातले किसनराव. मोतीबिंदू दाखवायला शहरात आले होते, पण डॉक्टर बाहेरगावी गेलेले, दवाखान्यात सोमवारी या म्हणून सांगितलं. दुपार मोकळी होती. महाराज आजारी असल्याचं गावात कानावर आलं होतं, म्हणून पत्ता विचारत विचारत आले. आत येऊन ते बाबांच्या दिवाणाजवळ खाली बसले, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "महाराज, लय खंगले जी तुमी. एक गोष्ट विचाराची होती. नऊ वर्सं झाले, मनात घेऊन फिरून राहिलो."

"काका, त्यांना आराम हवा आहे," दादा म्हणाला. "नंतर कधी या."

"नंतर कवा, बापू? महाराज गेल्यावर मी कोनाले विचारू?"

आईने तोंडाला पदर लावला. दादाने किसनरावांचा दंड धरून त्यांना उठवायला सुरुवात केली. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"दादा, हात काढ."

"तुला कळतं का काही?"

"कळतं. दोन महिने तेच तर कळतं आहे. बसू दे त्यांना."

आयुष्यात दादाशी मी अशी बोलले नव्हते. मी जागची हलले नाही. मागून बाबांचा आवाज आला. कित्येक दिवसांत ऐकला नव्हता असा, गावोगावचे लोक ज्याला ओळखायचे तो खणखणीत आवाज. "किसनराव, बसा. विचारा."

किसनरावांची बायको कमला नऊ वर्षांपूर्वी वारली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण त्याला कावळा शिवेना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडे धरतात. मग दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला टेकवतात आणि विधी पुरा करतात. बाबांनी त्या दिवशी तेच केलं होतं. "तिले परतवाड्याले बहिनीकडे जाचं होतं," किसनराव म्हणाले. "मी सोयाबीन निघू दे म्हनलं. तेवढ्यात ते गेली. थेच इच्छा राह्यली ना, महाराज? मी दर दिवाळीले तिच्या बहिनीले लुगडं नेतो. पन जीव शांत होत नाही. तुमाले समजते, तुमी सांगा."

शास्त्रातलं एखादं वचन सांगून बाबा सुटू शकले असते. अशी वचनं त्यांच्याकडे पोत्याने होती.

"किसनराव, मले काहीच समजत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी मले पॅसेंजर गाठायची होती. बडनेऱ्याला दुसऱ्या घरी लोक वाट पाहत होते. अजून तासभर थांबलो असतो तर कावळा आला असता, की नसता आला, देव जाणे. मी थांबलो नाही. घाई झाली म्हणून दर्भाचा केला. तिची इच्छा राहिली म्हणून नाही."

किसनराव उठून गॅलरीत गेले. आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "नऊ वर्सं, महाराज."

"हो. नऊ वर्षं. माझं चुकलं."

याला बाबांनी कुठलीही सबब जोडली नाही. मी माझ्या वडिलांना त्या क्षणाइतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. किसनराव परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण आवाजात राग होता. "म्हंजे मी लुगडी उगाच नेली काय?"

"तुमच्या साळीला आनंद होतो का?"

"होते तं. सडकेवर येऊन उभी राहते."

"मग उगाच कशी?"

किसनराव नाइलाजाने हसले. मग बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून, पीकपाणी विचारावं तितक्या सहज त्यांनी विचारलं, "महाराज, तुमाले भेव लागते काय?"

"लागते," बाबा म्हणाले आणि रडले. "लय लागते. पण इथं कोणी विचारतच नव्हतं." आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली आणि त्यांच्याजवळ बसली. दादा बाहेर निघून गेला. त्या दिवशी बाबांनी वाटीभर वरणभात खाल्ला.

त्यानंतर बाबा बावीस दिवस होते. त्या बावीस दिवसांत आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत झालं नसेल. आईने विचारलं, "तुमच्यामागे मी कुठं राहू?" दोघांनी दोन दुपारी बसून ते ठरवलं. बाबांनी मला विचारलं, "देव आहे का गं? मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो." मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा. मी तर सध्या त्याच्याशी भांडते आहे." ते म्हणाले, "भांड. सोडू नको." दादा बोलायला सगळ्यांत उशिरा आला. एका रविवारी त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "बाबा, मी तुमच्याशी खोटं बोललो." बाबा म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं मला. तुला इतकं वाईट खोटं बोलता येतं, मग तुझी वकिली चालते कशी रे?" दादा हसायला लागला, आणि हसता हसताच त्याला हुंदका फुटला.

दहाव्याला आम्ही थांबलो. कोणी घड्याळ पाहिलं नाही. किसनराव एका डोळ्याला पट्टी बांधून आले होते, तेही थांबले. कावळा शिवला की नाही, लवकर की उशिरा, हे मात्र मी सांगणार नाही. भेटेल तो तेच विचारतो, आणि मी प्रत्येकाला हेच उत्तर देते. त्यावरून माझ्या वडिलांचं माप कोणी काढू नये.

त्या शनिवारी किसनरावांना देवीने पाठवलं की बाहेरगावी गेलेल्या डॉक्टरने, याचा वाद मी घालत नाही. मला जे हवं होतं ते दारात येऊन उभं राहिलं, एवढं मी पाहिलं. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. ते मी आता मानत नाही. बाबा शेवटी शरण गेले ते सगळं बोलून, विचारून, चूक कबूल करून आणि भीतीने रडून. माझं डोकं कधी टेकलं तर ते तसंच टेकेल.

चौदाव्या दिवशी शेजारच्या काकू आईला भेटायला आल्या. समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, "पुण्यवान माणूस. त्यांना कसली आली भीती? हसत हसत गेले असतील." जन्मभर 'शुभ बोला' म्हणत आलेली माझी आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"नाही हो," ती म्हणाली. "भ्याले होते ते. मी विचारलं होतं त्यांना. भ्याले होते, आणि माझा हात धरून गेले."

आई पुन्हा भाजी निवडू लागली. मी आतल्या खोलीत गेले आणि कित्येक दिवसांनी देवीला हात जोडले.