मागावरून उठण्याची वेळ

वडिलांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मी सत्तरच्या दशकातल्या त्या एका उन्हाळ्यापाशी येऊन थांबते. सोलापुरात सुताची टंचाई होती. वडील ज्या कारखान्यात चादरी विणायचे, तिथल्या मालकाने निम्मे माग बंद केले. त्यात मामांचाही माग गेला, ते घरी बसणार होते. मामा तेलुगू, आमच्याच बोळातले. नात्याचे नव्हते, पण मी त्यांना मामाच म्हणायची.

वडील मालकाला म्हणाले, "माझा बारा तासांचा दिवस मोडा. माझ्या मागावर दुपारपतोर मी, मग ह्ये. पर मानूस काढू नका." मालक म्हणाला, "बघू. दोघांच्याही चादरी नीट भरल्या पाहिजेत."

अडचण निघाली ती भलतीच. हातातली चादर पुरी केल्याशिवाय मागावरून उठायचं नाही, ही विणकरांची रीत. आणि जो पुरी करेल त्याच्या नावावर ती लागायची. बारा वाजले तरी वडील उठत नसत. मुद्दाम नव्हे, एक उतरली की हात आपोआप दुसरीला लागायचे. भिडस्त मामा बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. त्यांच्या चादरी कमी भरू लागल्या, तसा मालक कुरकुरू लागला, "ह्यांना ठेवून काय उपयोग?"

एकदा मी वडिलांना जेवायला बोलवायला गेले होते. मामी मामांचा डबा घेऊन आल्या. त्यांना बाहेर बसलेलं पाहून तडक आत शिरल्या आणि मागांच्या खडखडाटात म्हणाल्या, "अण्णा, आमच्या माणसाला कामाला ठेवलाव का राखणीला?"

वडिलांनी माग थांबवला. "येवढी चादर होऊ द्या की, वहिनी."

"काल बी येवढीच होती की."

पलीकडचा विणकर हसला. वडीलही हसले, जरा वरमून, आणि चादर तशीच अर्धी टाकून उठले. "या मामा. ही तुमची."

"नको अण्णा, निम्मी तुमी विणलाव."

"मग सांजच्याला तुमी निम्मी सोडा. सकाळी मी पुरी करतो."

तेव्हापासून बाराला वडील असतील तिथे थांबू लागले. मामांच्या चादरी भरल्या, मालकाची कुरकुर थांबली. वडील दुपारी घरी असायचे. ते माझ्याकडून धडा वाचून घेत आणि ऐकता ऐकता पेंगत.

पुढे सूत आलं, बंद माग सुरू झाले आणि मामांना त्यांचा माग मिळाला. त्या संध्याकाळी वडील बारा तास भरून आले, हातपाय धुऊन माझ्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "आज काय वाचलंस, ते सांग की. दिवस लई लांबला."