बातमीवाली मावशी आणि पहिलं पान

ऑफिसचा जिना चढण्याआधी मावशी रोज कोणाचा तरी फोन मागायची. कधी खालच्या चष्मेवाल्याचा, कधी कुरिअरवाल्याचा, एकदा तर नळ दुरुस्तीला आलेल्या अनोळखी माणसाचा. गुगलवर दोन शब्द टाकून आपलं ऑफिस कितव्या जागी दिसतं ते बघायची आणि फोन रुमालाने पुसून परत द्यायची. "आपण रोज स्वतःलाच शोधतो, म्हणून आपला फोन आपल्याला वर दाखवतो, तोंडावर गोडच बोलतो," ती भाचीला सांगायची. "खरं काय ते परक्याकडून कळतं."

धंदा जनसंपर्काचा. दोन खोल्या, तीन टेबलं, खिडकीला न लागणारी कडी. कोणाचा नवा दवाखाना उघडला, कोणावर बालंट आलं, की पेपरापर्यंत नीट शब्दांत बातमी पोचवायची, हे मावशीचं काम. सगळे तिला बातमीवाली मावशी म्हणत. उभं आयुष्य तिने दुसऱ्यांची नावं मोठी केली आणि स्वतःचं पडद्यामागे ठेवलं. तो तिचा बाणाच होता. ओळखीच्या संपादकांवर सगळं निभावलं. मग ते एकेक करून निवृत्त झाले आणि लोक ओळखीपाळखीऐवजी गुगलला विचारू लागले. तिथे मावशी कुठेच नव्हती. एका मोठ्या एजन्सीने निरोप धाडला, पाटी उतरवा आणि आमच्याकडे नोकरीला या. जागेचा करार संपेपर्यंत मावशीने मुदत मागून घेतली.

शिक्षण संपवून भाची नुकतीच तिच्या हाताखाली आली होती. तिने मोठ्या हौसेने वेबसाइट केली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्वंकष संवादव्यूहरचना'. मावशीने वाचून चष्मा काढला.

"हे कोण शोधणार गं?"

"मोठे लोक."

"मोठे लोक अडचणीत आले की लहान मुलांसारखं बोलतात. उद्यापासून फोन तू घे. समोरचा पहिलं वाक्य काय बोलतो तेवढं ध्यानात ठेव."

भाची आठवडाभर फोन घेत राहिली. संवादव्यूहरचना एकानेही मागितली नाही. बातमी पैसे देऊन छापतात का? पत्रकारांना बोलावलं आणि कोणीच आलं नाही तर? माझ्या दुकानाबद्दल कोणीतरी खोटंनाटं पसरवलंय, काय करू? मावशीने वेबसाइटवर एकेका प्रश्नाचं एकेक पान केलं. मथळा लोकांच्या तोंडचा, उत्तर तिचं, कसलाही आडपडदा न ठेवता.

भाचीने ती पानं वाचून काढली. "सगळं फुकट सांगून टाकलंस तर आपल्याकडे येईल कोण?"

"पोहायचं कसं ते वाचून कोणी एकदम पाण्यात उतरत नाही. काठावर कोणीतरी उभं लागतं."

मग एक एसइओवाला, म्हणजे गुगलवर नाव वर चढवून देणारा, आला. कडक इस्त्री, गोड जीभ. "शेकडो वेबसाइटवर तुमच्या लिंक टाकतो, मॅडम. महिन्याभरात पहिल्या पानावर."

भाची आशेने मावशीकडे बघत राहिली. कराराचे दिवस संपत आले होते.

"त्या वेबसाइट वाचतं कोण?" मावशीने विचारलं.

"वाचायला कशाला हव्यात? गुगलला दिसल्या की झालं."

"म्हणजे सभेत टाळ्यांसाठी भाड्याची माणसं. गिऱ्हाइकाने मागितली तरी मी आणत नाही, दादा. आणि पकडलं गेलं की होती ती खुर्चीही जाते. चहा घ्या नि निघा."

तो गेल्यावर मावशीने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. तुमच्या वेबसाइटवर आमचं नाव, आमच्या पानाची एक लिंक टाकाल का? एवढंच विचारायचं होतं, पण भाचीने तिचा आवाज पहिल्यांदाच अडखळताना ऐकला. दातांचे डॉक्टर हसले. "अहो मावशी, नाव नको, नाव नको असं तुम्हीच म्हणत आलात ना?"

"आता हवंय," मावशी म्हणाली.

नृत्यशाळेने लिंक टाकली, डॉक्टरांनी टाकली, मग बाकीच्यांनीही. मावशीने ज्यांचं खरोखर काम केलं होतं, त्या माणसांनी दिलेली ती साक्ष होती. पानं मुंगीच्या पावलांनी वर सरकत गेली आणि करार संपायच्या आठवड्यात एका बेकरीवालीचा फोन आला. तिच्या ब्रेडबद्दल कोणीतरी अफवा उठवली होती.

"तुमचं पान पुन्हापुन्हा वाचलं. बाकी सगळं केलं, पण लोकांसमोर उभं राहून बोलायला जीभ उचलत नाही. तुम्ही याल?"

"आलेच. तोवर कोणाच्या तोंडी लागू नका. ब्रेड भाजत राहा."

काठावर कोणीतरी उभं लागतं, ते भाचीला त्या क्षणी पटलं. त्यामागून तसेच आणखी फोन आले. मावशीने घरमालकाकडे जाऊन करार वाढवला आणि एजन्सीला कळवलं की पाटी उतरत नाही.

पाटी आजही आहे. पुढे गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत मावशी घरूनच काम बघू लागली आणि तिच्या टेबलावर भाची बसली. एका दुपारी नव्या पानाबद्दल दोघींचं फोनवर बोलणं झालं. त्याच संध्याकाळी मावशी खुर्चीत बसल्याबसल्या गेली. शेवटी काही म्हणाली का, असं लोक भाचीला विचारतात.

म्हणाली होती, "पहिलं वाक्य लांबलंय, मधून तोड. आणि आधी जेवून घे."