जिभेचा उपवास

सगळ्या नर्सा सांगतात, दुखणार नाही. आमच्या सिस्टर सांगायच्या, दुखणार. सुई हातात धरून, चष्म्यावरून बघत, "लई दुखणार. रडायचं तर रड, पण हात हलवायचा नाय." त्यांना बघूनच पोरं बोंब ठोकायची. सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्म काढला, निवृत्त झाल्या, तरी छातीवर उलटं लटकणारं ते नर्सचं घड्याळ काही सुटलं नाही. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच. चिकलठाण्याच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना त्या सिस्टर. माझ्या घरासमोर त्यांचं घर.

पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. पांढऱ्या साड्या नेसून बाया बसतात, पुढे चौरंगावर धम्माचा ग्रंथ, आणि वाचायला सिस्टर. आधी पंचशील. एकेक शील त्या म्हणणार, आम्ही मागून म्हणणार. वीसेक वर्षं ती जागा त्यांचीच होती. वाचता वाचता मध्येच थांबून विचारायच्या, "कळलं का?" आम्ही माना डोलवायचो. "मला नाय कळलं अजून, तुम्हाला कसं काय कळलं?" मी शेजारी बसून पानं धरायची, चष्म्याची डबी सांभाळायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आपल्याला कधी मिळणार ही जागा. हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आता कशाला लपवू?

सिस्टर खोटं बोलायच्या नाहीत. पण खरं असं बोलायच्या की ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. माझी पोरगी गणितात नापास झाली तेव्हा भर गल्लीत म्हणाल्या, "होणारच की! आई दिवसभर मोबाईलवर, पोरगी काय भिंतीकडून शिकणार?" मी आठ दिवस त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. त्यांना त्याचं काही नाही. "चौथं शील काय म्हणतं, शोभे? खोटं बोलू नका. मी बोलले का खोटं?"

दवाखान्यात त्यांच्या वॉर्डात एक आया होत्या, जुबेदाखाला. दोघींनी बरोबर ड्युट्या केल्या, बरोबरच निवृत्त झाल्या. खालांचं घर जुन्या शहरात, तटाच्या दरवाज्याच्या आतल्या बोळात. महिन्यातून एकदा तरी त्या आमच्या गल्लीत यायच्या, पान खायच्या आणि सिस्टरना टोमणे मारायच्या. अख्ख्या चिकलठाण्यात सिस्टरना बोलायची हिंमत असलेलं ते एकच माणूस.

एका पौर्णिमेला खाला आल्या तेव्हा सिस्टरचा उपोसथ होता. उपोसथाला आम्ही अष्टशील घेतो आणि दुपारी बारानंतर जेवत नाही. बाराला पाच कमी होते आणि सिस्टर ओट्याशी उभ्या राहून घाईघाईने भात कोंबत होत्या, एक डोळा छातीवरच्या घड्याळावर. मीही तिथंच होते, माझंही तेच चाललं होतं. खाला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुमे भूक से लड़ रै की घड़ी से?"

मी हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी ताट खाली ठेवलं, अर्धं टाकून. चार-पाच दिवसांनी मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं उपोसथ करते गं मी. एकदा तरी भूक लागली का मला? बाराच्या आत पोट फुटेस्तोवर खायचं अन् संध्याकाळी चहावर चहा. ह्याला कामून शील म्हणायचं?"

पुढच्या रमजानमध्ये त्या खालांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला रोजा शिकवा. खाला घाबरल्या. "लोगां क्या बोलेंगे, सिस्टर? तुमारे बी, हमारे बी." सिस्टर म्हणाल्या, "नमाज तुमची, ती मी करणार नाय. माझा धम्म मला बस्स हाय. मला फक्त भूक शिकवा." तेव्हा खालांनी जे उत्तर दिलं, ते सिस्टरनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. "पेट का रोजा तो बच्चे बी रख लेते. जबान का रोजा रखो. झूट नै, चुगली नै, किसी का दिल दुखाना नै. फिर बोलो भूक लगी क्या."

अकरा रोजे ठेवले त्यांनी. पहाटे उठायच्या, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तेही ऐन उन्हाळ्यात. पण खरे हाल जिभेचे. माझ्या हातून त्यांची बरणी फुटली तेव्हा तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "असू दे." मी चाट पडले. म्हटलं, बाईला बरं नाही वाटतं. त्यांनी ग्रंथ काढला आणि सम्यक वाचेचं पान माझ्यापुढे धरलं. "हे बघ. खोटं नको, चहाडी नको, कठोर नको, वायफळ नको. चार गोष्टी लिहिल्यात. मी एकच पाळत होते अन् तोऱ्यात होते. वीस वर्षं तुम्हाला हेच पान वाचून दाखवलं मी, शोभे. मला दिसलं नाय. दुसऱ्याच्या घरी उपाशी बसले तेव्हा दिसलं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानंतर गल्लीतल्या पोराला इंजेक्शन देताना त्या म्हणायच्या, "दुखणार. पण मी हाय ना."

शेवटच्या रोज्याला त्या मला खालांकडे इफ्तारला घेऊन गेल्या. सतरंजीवर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी. रोजा सोडायचा भोंगा व्हायच्या आधी दोन मिनिटं सगळे गप्प झाले. खालांनी हात पसरले, ओठ हलू लागले. सिस्टरनी डोक्यावर पदर घेतला, मांडीवर तळहात उघडे ठेवले आणि डोळे मिटले. मी अगदी त्यांना खेटून बसले होते. त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "सब्बे सत्ता सुखी होन्तु." सगळे प्राणी सुखी होवोत. आपलीच मैत्रीभावना. मला इतकं छान वाटलं की मी मोबाईल काढून फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून बसले होते. काय अवदसा आठवली कोण जाणे, तो फोटो मी महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बघा आमच्या सिस्टर, रोजा सोडताना!" आणि हसणारी चार तोंडं. थट्टाच होती. खरंच थट्टा होती का? गणिताची ती गोष्ट मी विसरले नव्हते, तीही त्यात होती थोडी. संध्याकाळपर्यंत फोटो कुठच्या कुठे गेला. परत आला तेव्हा माझी ओळ गेली होती आणि त्या जागी लिहिलं होतं, "विहारात धम्म सांगणाऱ्या बाई नमाज पढताना."

आषाढ पौर्णिमेच्या आधी विहारात बैठक लागली. विहाराच्या अध्यक्षांनी प्रिंट काढलेला फोटो सिस्टरच्या पुढ्यात ठेवला. "बावीस प्रतिज्ञा पाठ हायेत ना तुम्हाला?"

"पाठ हायेत, दादा. त्यातली एकबी मोडली नाय."

"मग सांगा की, जेवायला गेलो होतो म्हणून. मैत्रीण हाय, बोलावलं, गेलो. विषय मिटला." ते खरंच वाट काढून देत होते. माणूस काही राक्षस नव्हता. राक्षस असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या मला.

सिस्टर म्हणाल्या, "नाय. रोजे ठेवले मी. अकरा. आपलं शील समजून घ्यायला ठेवले. नमाज पढले नाय. तिथं मैत्रीभावना म्हणत होते."

"कुणी ऐकली?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अध्यक्षांनीच मान वळवली. "शोभाताई, फोटो तुम्हीच काढला ना? तुम्ही शेजारी होता. काय म्हणत होत्या ह्या?"

साठ-सत्तर माणसं बघत होती. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग ग्रुपवर हसून कशाला टाकलंस? आणि चौरंगामागची ती जागा, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला रिकामी दिसली.

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

पूर्वीच्या सिस्टर असत्या तर माझी साल काढली असती तिथल्या तिथे. त्यांनी फक्त चष्मा काढून पदराला पुसला. जाताना ग्रंथावरचं पांढरं फडकं सारखं केलं आणि निघाल्या. दारातल्या बायांनी पाय मागे घेऊन वाट दिली. त्या दिवसापासून गल्लीत कुणी त्यांना जय भीम घालेना. वाचनाला मला बसवलं.

वर्षावास संपायच्या आत त्या फुलंब्रीला भाच्याकडे राहायला गेल्या. दिवाळी झाल्यावर मी क्रांती चौकातून गाडी धरून त्यांना भेटायला गेले. माफी मागायची असं वाटभर घोकत गेले. खाटेवर बसल्या होत्या, खंगलेल्या, घड्याळ मात्र जागेवर. मी रडायला लागले तसा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "वाचन कसं चाललंय? घाई नको करत जाऊ. बायांना कळलं का, विचारत जा." एवढंच. रागाचा एक शब्द नाही. शिव्या द्या हो सिस्टर, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. चहा पिऊन परत आले. माफी मागितलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, आमच्या विहारातून जीप भरून लोक गेले. अध्यक्ष अर्धा तास बोलले. सिस्टर कशा आदर्श उपासिका होत्या, धम्मासाठी कशा झिजल्या. लोकांनी डोळे पुसले. तेव्हा कुठं होते रे सगळे तुम्ही? पण मी कोणत्या तोंडाने विचारणार? मंडपाच्या बाहेर, उन्हात, जुबेदाखाला उभ्या होत्या. कुणी त्यांना आत बोलावलं नाही. मीही नाही.

आज दोन वर्षं झाली, चौरंगामागे मीच बसते. लोक म्हणतात, शोभाताईंचा आवाज गोड आहे. पहिली तीन शीलं मी म्हणते. चौथ्याला मला खोकला येतो, नाहीतर पाण्याचा पेला तोंडाला लावते. बायांना पाठच आहे, त्या थांबत नाहीत, आपल्या आपण म्हणून टाकतात, "मुसावादा वेरमणी..." मी पाचव्याला पुन्हा सुरू करते. कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

सिस्टर, त्या दिवशी माझं लक्ष होतं. सतरंजीवर तुम्हाला खेटून बसले होते मी, आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.